आपोआप काही बंद पडत नाही

जिन्याखाली बसून मी जन्मभर जी वाक्यं ऐकली, त्यांत पहिला नंबर एकाच वाक्याचा. "काका, मी काहीच केलं नाही. आपोआप बंद पडला." गिरगावातला वकील असो की परळच्या नाक्यावर पोळीभाजी विकणारी बाई असो, लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवताना दोघंही हेच म्हणतात. मी मान डोलावतो. हे वाक्य खोटं नसतं. माणूस जे रोज करतो ते त्याच्या लेखी 'करणं' नसतंच. कुणी लॅपटॉप गादीवर ठेवून सिनेमे पाहतो, कुणी आत पेन विसरून झाकण दाबतो, कुणी धूळ लागू नये म्हणून चालू लॅपटॉपलाच टेबलक्लॉथ पांघरवतो. यातल्या कुणीच काही केलेलं नसतं.

या अंकासाठी लिहा असा निरोप आला तेव्हा सोबत विषयही आला होता: 'संगणकयुगाचे साक्षीदार'. मी युग वगैरे पाहिलेलं नाही. मी पंखे पाहिले, पंख्यांत अडकलेला कचरा पाहिला, आणि तो कचरा आपला नाहीच असं शपथेवर सांगणारी माणसं पाहिली. लिहायचं तर त्यांच्याबद्दलच लिहिता येईल.

आधी थोडं माझ्या शिक्षणाबद्दल, म्हणजे गिरणीबद्दल. ब्याऐंशीचा संप सुरू झाला तेव्हा मी परळच्या एका गिरणीत बदली कामगार होतो. बदली म्हणजे कायमचा माणूस आला नाही तर त्याच्या जागी काम, आला तर फाटकावरूनच घरी. माझ्या खात्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. काम मात्र एका ओळीचं: सांचेखात्यातली हवा दमट ठेवायची. सांचा म्हणजे माग. बाहेरच्या माणसाला वाटतं, यंत्राजवळ पाणी कशाला? पण सूत कोरडं पडलं की तुटतं. सूत तुटलं की सांचा थांबतो, आणि सांचा थांबला की सांचेवाल्याची मजुरी थांबते. म्हणून वरच्या नळ्यांतून पाण्याचे बारीक तुषार सोडावे लागत. त्या दमट उकाड्यात घामाने निथळणारे सांचेवाले आम्हाला शिव्या द्यायचे, आणि हवा जरा कोरडी पडली की त्याच तोंडाने हाका मारायचे, "अरे, पाणी सोड रे! सूत बोंबलतंय!"

संपाबद्दल पुष्कळ लिहून झालंय, त्यातलं बरंचसं ज्यांनी सांचा लांबूनही पाहिला नाही अशांनी. मी एवढंच सांगतो की 'आपोआप' हा शब्द मी पहिल्यांदा त्यानंतरच्या वर्षांत ऐकला. गिरण्या काय, आपोआपच बंद पडल्या, असं लोक बोलू लागले. तिथेही कुणीच काही केलेलं नव्हतं.

माझे चुलते लालबागला एका चाळीच्या जिन्याखाली रेडिओ दुरुस्त करायचे. संप लांबत चालला तसा मी त्यांच्याकडे बसू लागलो, आणि मग उठलोच नाही. रेडिओ गेले, टीव्ही आले. टीव्हीची दुरुस्ती परवडेनाशी झाली तेव्हा कॉम्प्युटर आले, आणि शेवटी लॅपटॉप. जागा तीच. उभं राहिलं की डोक्याला पायरी लागायची. वरून कोण उतरतंय ते मला पावलांवरून कळायचं, आणि कोण कुणाशी बोलेनासं झालंय तेही, कारण मग दोघं वेगवेगळ्या वेळी उतरू लागत. चुलत्यांनी मला कथलाचा डाग द्यायला शिकवलं, मीटर वाचायला शिकवलं आणि एक नियम शिकवला. ते म्हणायचे, "चालू असलेली वस्तू उघडायची नाही. गिऱ्हाईक म्हणेल जरा आतून बघा. नाही बघायचं. चालतंय ना? मग हात जोडायचे." पुढे मी पुष्कळ मोठमोठ्या लोकांची विधानं वाचली, पण यापेक्षा कामाचं फारसं काही सापडलं नाही.

वाचायला मला वेळ याच धंद्याने दिला. जुना लॅपटॉप सुरू व्हायला जो काळ घेतो, त्यात एक प्रकरण सहज होतं. माझी निम्मी पुस्तकं दुसऱ्यांचे लॅपटॉप जागे व्हायची वाट बघताना झाली आहेत. हल्लीची यंत्रं चटकन सुरू होतात. माझं वाचन कमी झालं त्याचं हेही एक कारण.

आता धंद्यातली मेख. म्हाताऱ्या लॅपटॉपच्या तक्रारी दोनच. एक, चालता चालता थिजतो. पडद्यावरचा बाण जागच्या जागी उभा, काही दाबा, हलत नाही. दोन, सुरूच होत नाही. थिजण्याचं कारण बहुतेक वेळा उष्णता असते. लॅपटॉपच्या पोटाला भोकं असतात, तिथून तो हवा आत ओढतो आणि पंखा ती कडेने बाहेर फेकतो. वाट तुंबली की आतला मेंदू तापतो आणि काम टाकून बसतो. माणसाहून वेगळं काही नाही. सुरूच होत नसेल तर मी आधी बॅटरी काढून सुरू करायचं बटण बराच वेळ दाबून धरतो. आत उरलेली वीज त्यामुळे निघून जाते, आणि कितीतरी लॅपटॉप तेवढ्यानेच उठून बसतात. नाही उठला तर मागचं झाकण काढून मेमरीची पट्टी बाहेर घ्यायची, तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने घासायचे आणि पट्टी परत बसवायची. खोडरबर पाहून गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. त्याला वाटतं, एवढ्या महागाच्या वस्तूला निदान एखादं परदेशी यंत्र तरी लावतील.

कचऱ्यावरून मला माणसाचा पत्ता सांगता यायचा. देसाईबाई म्हणून एक शिकवण्या घेणाऱ्या बाई होत्या. त्यांची खोली मसाला कांडायच्या डंकाच्या बरोबर वर. त्यांचा लॅपटॉप उघडला तर पंख्यावर बनातीसारखा लाल थर. मी सवयीने फुंकर मारली. मग मी, रांगेतली दोन माणसं आणि जिना उतरणारे एक पेन्शनर असे सगळे शिंकत आणि डोळे पुसत उभे राहिलो. देसाईबाई ढिम्म. शिंकांमधून जरा उसंत मिळाली तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "संकेश्वरी आहे. बेडगीला एवढा ठसका नसतो."

दुसरी गोष्ट एका उद्घाटनाची. आमच्या भागातल्या एका मंडळाने संगणक केंद्र काढलं. केंद्र म्हणजे कुणीतरी दिलेला एक जुना लॅपटॉप, त्यावर झेंडूचा हार. मंडळाच्या खोलीत विजेची जागा एकच होती आणि ती लाउडस्पीकरला दिलेली, त्यामुळे लॅपटॉप बॅटरीवर. प्रमुख पाहुण्यांनी एक कळ दाबताच पडद्यावर गणपती उमटणार होता. पण कळ दाबण्याआधी पाहुणे बोलले. विज्ञानावर बोलले, तरुणांवर बोलले, स्वतःवर तर फारच बोलले. मग कळ दाबली. पडदा काळा. सगळ्या सभेने माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी भाषणात बॅटरी संपवली, हे खरं उत्तर होतं. मी म्हणालो, "आपोआप बंद पडला."

हे सगळं सांगितलं ते विद्या तावडेच्या लॅपटॉपपर्यंत यायला.

विद्या काळाचौकीला राहायची. घरी बसून काम करायची. अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांबद्दल जे बोलून ठेवतात ते कानाला लावून ऐकायचं आणि टाइप करून ठरलेल्या वेळेत परत पाठवायचं. नवरा भाड्याच्या टेम्पोवर, म्हणजे गाडी असेल त्या दिवशी काम. सासरे गिरणीतले जुने सांचेवाले, संपानंतर कुठे कुठे वॉचमन म्हणून राहिलेले, आता घरीच. महिन्याच्या महिन्याला येणारा पगार घरात हिचा एकटीचा.

"होळीनंतर सुरू झालं, काका," तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला. "दुपार झाली की थिजतो. बंद करून परत लावला तर दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच."

"काही केलंत? पडला, पाणी सांडलं?"

"काही नाही. आपोआप."

मी उघडला. पंखा जरा तुंबला होता तो साफ केला, मेंदूवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला, मेमरीचे दात खोडरबराने घासले. लॅपटॉप दिवसभर माझ्यासमोर चालला. संध्याकाळी ती घेऊन गेली. थोड्या दिवसांनी परत हजर. तेच दुखणं, तेच औषध, माझ्याकडे परत दिवसभर ठणठणीत. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने तो ठेवला नाही, आदळला.

"काका, रागावू नका, पण तुम्ही नीट करता की नुसतं पुसून देता?"

"पुसून देतो," मी म्हणालो, कारण ते खरंच होतं.

"तुमच्याकडे आला की कसा शहाण्यासारखा वागतो. घरी नेला की नखरे. तुमचं दुकान म्हणजे माहेर झालंय ह्याचं." हे बोलताना ती हसली, पण लगेच तिचा आवाज उतरला. "कंपनीतल्या आमच्या वरच्या बाईंनी सरळ सांगितलंय. आता एकदा जरी काम अडकलं तरी माझं लॉगिन काढून घेणार. नवा लॅपटॉप घ्यायची आत्ता सोय नाही. हा चालला नाही तर मी संपले, काका."

दुकानात चालणारी आणि घरी बंद पडणारी वस्तू ही आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट जात. म्हणजे दोष वस्तूत नाही, घरात आहे. मी तिच्यासमोरच झाकण उघडलं. एक गोष्ट मला छळत होती. तिन्ही वेळा मेमरीच्या दातांवर हिरवट साय धरलेली होती. तांब्याच्या भांड्यावर कळंक धरतो तशी. असा हिरवा रंग मी पूर्वी एकदाच पाहिला होता. शीव कोळीवाड्यातल्या एका कुटुंबाचा लॅपटॉप माळ्यावर सुक्या बोंबलांच्या टोपलीशेजारी राहायचा, त्यात.

"तुमच्या घरी लॅपटॉपजवळ सुकी मासळी ठेवतात का?" मी विचारलं.

विद्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला शब्द परत घ्यावेसे वाटले. "काका, आम्ही मालवणी आहोत. मासे आम्ही खातो. लॅपटॉपला नाही घालत."

मी सहसा कुणाच्या घरी जात नाही. घरी गेलं की चहा होतो, मग मिक्सर दाखवतात, मग इस्त्री. पण या वेळी लॅपटॉप स्वतः घेऊन काळाचौकीला गेलो, आणि दुपारचाच गेलो.

चाळीतली एक खोली, मधे पडदा. पडद्याच्या पलीकडे ओटा आणि मोरी. अलीकडे खिडकीशी टेबल, टेबलासमोर खाट, खाटेवर सासरे. त्यांना सगळे आबा म्हणत. ऐंशीला टेकलेले, अंगाने वाळलेले, हात मात्र अजून कामाचे. मी लॅपटॉप टेबलावर ठेवून सुरू केला. टेबल लाकडी, कोरडं ठणठणीत. खिडकीतून ना ओल, ना समुद्राची हवा. विद्याने काम उतरवून घ्यायला लावलं. "हे उतरेपर्यंत मी चपात्या उरकते, मग बसते," म्हणाली आणि पडद्याआड गेली. मी चहा घेत बसलो.

थोड्या वेळाने आबा उठले. टेबलाशी येऊन त्यांनी लॅपटॉपच्या कडेला हात उलटा करून लावला, ताप बघतात तसा. मान हलवली. दोरीवरचा पंचा घेतला, मोरीपाशी जाऊन ओला केला, दोनदा पिळला, घडी घातली. मग लॅपटॉप एका हाताने तान्ह्या मुलासारखा अलगद उचलला, पंचा खाली सारला, लॅपटॉप वर ठेवला आणि परत खाटेवर जाऊन बसले.

हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि तरी क्षणभर मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. इतक्या सराईत हाताने केलेली गोष्ट खटकत नाही. मग मात्र चहाचा कप मी खाली ठेवला.

"आबा, हे काय केलंत?"

"खय काय? काय्येक नाय."

"हा पंचा?"

"तो होय! तापता मां तो दुपारचो. मगे खालून जरा ओलावो दितंय. सूत सुकला काय तुटता." मग माझी समजूत घालत म्हणाले, "तुका नाय कळाचा. गिरणीतलो हिशोब तो."

"मला कळतो, आबा. मी पाणी सोडणाऱ्या खात्यात होतो."

त्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं. "खयच्या गिरणीत?"

मी नाव सांगितलं. त्यांची नव्हती, पण शेजारची होती. आबांचा चेहरा उजळला. "मगे तुमीच आमका भिजवून मारल्यात!"

आम्ही दोघंही हसलो. हसता हसता मी परत पंच्याकडे पाहिलं. हिरवी साय, तुंबलेली हवा, दुपारचं थिजणं, सगळं एका ओल्या पंच्यात आलं होतं. पोटाखालची भोकं पंच्याने बुजत, म्हणून तो थिजायचा. ओल वर चढून मेमरीच्या दातांपर्यंत जायची, म्हणून तो उठायचा नाही. आता हे विद्याला सांगायचं म्हणजे तिची नोकरी धोक्यात कुणी आणली ते सांगणं आलं. आणि न सांगावं तर ती नोकरी जाणार होती.

मला ठरवावं लागलं नाही. पडद्यावरचा बाण थिजला, काम उतरताना होणारी टिकटिक थांबली आणि ती शांतता ऐकून विद्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली. तिने लॅपटॉप पाहिला. खालून डोकावणारं पंच्याचं ओलं टोक पाहिलं.

"आबा! हे रोज करता तुम्ही?"

"तू बसायच्या आदी काढतंय गे. तुझ्या कागदांक पाणी लागता नये म्हणान."

"माझी नोकरी जातेय, आबा! तिकडे मी त्या बाईच्या हातापाया पडतेय, काकांना वाट्टेल ते बोलतेय, आणि तुम्ही इथे…"

"नोकरी जाव नये म्हणानच तर करी होतंय मा गे," आबा म्हणाले. आवाज अगदी लहान. मग जमिनीकडे बघत, "गिरण गेल्यार ह्या घरात चलता ता मशीन ह्या एकच. माका वाटला, ह्या तरी बंद पडता नये."

विद्या पिठाचे हात तसेच हवेत धरून उभी राहिली. चाळीत कुणाकडे तरी कुकरची शिट्टी झाली.

दुसऱ्याच्या घरातल्या अशा वेळी दुरुस्तीवाल्याने वस्तूकडे बघावं, माणसांकडे बघू नये. मी लॅपटॉप बंद करून उलटा केला, बॅटरी काढली, झाकणाचे स्क्रू सोडवले आणि खिशातून खोडरबर काढलं. दात घासता घासता म्हणालो, "आबा, इकडे या. हे बघा. सांच्याला दमट हवा लागते. ह्याचं उलटं आहे. ह्याला कोरडा वारा लागतो."

ते आले. "मगे वारो खयसून घेता ह्यो?"

"इथून. पोटाकडून. ही भोकं दिसतात ना? आणि सोडतो इथून, कडेने."

आबांनी भोकांवरून बोट फिरवलं. एकदा, परत एकदा. मग खाटेवर बसले. "म्हणजे मीच ह्येचो गळो दाबी होतंय."

"गळा नाही, नाक," मी म्हणालो. त्याने काही फार फरक पडत नव्हता, पण दुसरं काही सुचलं नाही.

विद्या हात धुऊन आली. आवाज कोरडा ठेवून तिने मला विचारलं, "मग आता कसा ठेवायचा?"

"टेबलापासून बोट-दोन बोटं वर. खालून वारा खेळला पाहिजे. दोन्ही कडांना टेकू, मधे मोकळं."

"पुस्तकं ठेवू?"

"पुस्तकं रुंद असतात, भोकं झाकतील. अरुंद काहीतरी हवं, आणि तेही एका मापाचं."

ती घरभर नजर फिरवत राहिली. आबा खाटेखाली वाकले. पत्र्याची ट्रंक ओढली. तळातून एक फडकं काढलं, ते सोडलं तर आत दोन धोटे. नव्या वाचकांसाठी सांगतो, धोटा म्हणजे सांच्यावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडाचा तुकडा, लहान होडीसारखा, दोन्ही टोकांना लोखंड. हाताने हाताने तो असा गुळगुळीत होतो की सांचेवाला दुसऱ्याच्या धोट्याला हात लावत नाही आणि आपल्याला लावू देत नाही. संपासाठी बाहेर पडताना आबांनी आपले धोटे घरी आणले होते. संप मिटला की परत न्यायचे, तोवर दुसऱ्या कुणी वापरू नयेत म्हणून. संप मिटल्याचं कुणी जाहीर केलंच नाही, त्यामुळे ते ट्रंकेतच राहिले.

आबांनी दोन्ही धोटे पंच्याने पुसले, मग चटका बसल्यासारखे थांबले आणि सदऱ्याच्या कोरड्या टोकाने परत पुसले. टेबलावर समांतर ठेवले. मी मेमरी बसवली, झाकण लावलं, लॅपटॉप वर ठेवला. दोन्ही कडा बरोबर टेकल्या. असं माप बाजारात मागून मिळालं नसतं.

विद्याने बटण दाबलं. दिवा लागला. पंखा फिरला. पडदा काळा. मी खोडरबर परत हातात घेतलं. मग पडद्यावर उजेड आला, सावकाश, जुन्या यंत्राला शोभेल असा. ती खुर्चीत बसली, कानाला लावायचं लावलं, राहिलेलं काम उतरवून घेतलं आणि टाइप करू लागली. आम्ही दोघं म्हातारे खाटेवर बसून ते पाहत होतो. एरवी थिजायची वेळ आली आणि गेली. बोटं चालत राहिली.

आबा उठले आणि लॅपटॉपच्या कडेशी तळहात धरून उभे राहिले.

"वारो इलो," ते म्हणाले.

काम वेळेत गेलं. विद्याने कानातलं काढलं, दोन कप चहा टाकला, पहिला आबांसमोर ठेवला. त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "आबा, दर रविवारी ह्याची भोकं ब्रशने साफ करायला हवीत, असं काका म्हणतात. मला वेळ नसतो. तुम्हीच करायचं." मी असं काही म्हणालो नव्हतो. पण पिशवीतला मऊ ब्रश काढून आबांना दिला आणि म्हणालो, "कोरडाच मारायचा हं."

"माका शिकवतंस?" आबा म्हणाले. चेहऱ्यावर रंग परत आला होता.

तिचं लॉगिन राहिलं. लॅपटॉप त्यानंतर कितीतरी दिवस चालला, त्याच्या वयाला शोभणार नाही इतका. आबा अधूनमधून लालबागला आले की जिन्याखाली डोकावून "पंखो बरो हा" असा अहवाल देऊन जात. धंद्याच्या दृष्टीने ही माझी वाईट दुरुस्ती म्हणायची, कारण गिऱ्हाईक परत आलं नाही. पण आयुष्यातल्या कामांपैकी एकच निवडायला सांगितलं तर मी हेच निवडीन. माझ्या खात्याने गिरणीत इतकी वर्षं सोडलेल्या पाण्याची फेड त्या दुपारी थोडीशी झाली असं मला वाटतं. उगाच वाटतं, पण वाटतं.

आता दुकान नाही. आमची चाळ पुनर्विकासाला गेली. नव्या इमारतीत लिफ्ट आहे, आणि लिफ्टखाली दुकान काढता येत नाही. तसंही हल्लीच्या लॅपटॉपना माझी गरज उरली नाही. पुष्कळांची मेमरी आतच जोडून टाकलेली असते, बॅटरी चिकटवलेली. उघडायला स्क्रू शोधावे लागतात. खोडरबर माझ्याकडे अजून आहे. शब्दकोडी सोडवताना वापरतो.

मध्यंतरी विद्या भेटायला आली. आता ती नव्या लोकांना हेच काम शिकवते. कंपनीने तिला नवा लॅपटॉप दिला होता, वहीसारखा पातळ. मी सवयीने तो उलटा करून पाहिला. पोट सपाट. एकही भोक नाही.

"ह्याला पंखाच नाहीये ना, काका?" ती म्हणाली. "मी वाचलं त्यात."

"नाही. ह्याला खालून वारा लागत नाही."

"आबांनी ह्याच्याखालीही धोटे ठेवलेत. रविवारी ब्रशसुद्धा मारतात. भोकं दिसत नाहीत म्हणतात, बारीक असतील. सांगू का त्यांना?"

"चालतोय ना?" मी विचारलं.

"एकदम मस्त."

"मग उघडू नकोस," मी म्हणालो आणि लॅपटॉप तिच्या हातात दिला.